शेजारच्या ॲपवर आलेली नोटीस

घरातलं भांडण शेजाऱ्यांना दोन दिवस पुरतं. मोडलेलं लग्न महिनाभर. पण वकिलाची नोटीस आली ना, की अख्ख्या मजल्याची वर्षाची बेगमी होते! जिच्या-ज्याच्या नावानं येते त्यांची झोप उडते आणि बाकीच्यांकडे किस्से साठत जातात. माझ्याकडे तर इतके साठलेत, की भाजीच्या गाडीवर एक सांगायला घेतला तर मागून दुसरा डोकं वर काढतो आणि कोथिंबीर घ्यायची राहून जाते.

म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच काढू. ज्याची नोटीस त्याला रीतसर विचारलं. अनिकेत म्हणाला, "लिहा की काकू. फक्त समोरच्या कंपनीचं नाव नका लिहू, न्हाईतर तुमालाबी नोटीस येईल."

मी म्हटलं, "येऊ दे! सही करून घ्यायला आता माझा हात बसलाय."

तो हसला नाही. का हसला नाही, ते पुढे कळेलच.

*

अनिकेत म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधला. मूळचा उदगीरकडचा. बायको स्नेहल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. हा आधी माण गावच्या आयटी पार्कात होता, ती नोकरी सोडली आणि आता घरी बसून मोबाईलची ॲपं बनवतो. 'घरी बसून' म्हटलेलं त्याला आवडत नाही. पण तो घरीच असतो, आणि बसलेलाच असतो. मी काय खोटं लिहू?

तर त्या दिवशी अकराच्या सुमाराला पोस्टमन आला. अनिकेतच्या कानाला ते मोठे हेडफोन, बेल वाजवून पोस्टमनचं बोट दुखलं. शेवटी मी दार उघडलं. शेजारधर्म म्हणून सही केली आणि पाकीट घेतलं.

उघडून बघितलं नाही हं. उजेडात धरून बघितलं, ते वेगळं. जाडजूड पाकीट, दिल्लीहून आलेलं, वर सोनेरी अक्षरात ओळीनं पाच नावं. मला वाटलं, 'आपले विनीत' असणार. कुणाचं तरी मोठ्या घरातलं लग्न! म्हणून वाटीत दोन बेसनाचे लाडू घेतले आणि गेले.

अनिकेतनं पाकीट फोडलं, पहिलं पान वाचलं आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"काकू, ह्याच्यावर सही कुणी केली?"

"मी. का रे?"

"म्हणजे मला नोटीस मिळाली!"

"मिळालीच की! माझ्या हातात आलेलं टपाल आजवर कधी हरवलंय का?"

तो मटकन खाली बसला. लाडू मात्र दोन्ही खाल्ले.

*

आता हे ॲप काय भानगड आहे ते सांगते, कारण मलाही ते समजायला तीन दिवस लागले.

स्नेहलची फर्स्ट शिफ्ट असली की कंपनीची बस पहाटे हायवेच्या कोपऱ्यावरून घ्यावी लागते. बस कधी पाच मिनिटं आधी, कधी अर्धा तास उशिरा. तोवर ही पोरगी अंधारात एकटी उभी. मोटरसायकलवाले हळू करणार, "सोडू का, मॅडम?" विचारणार. एकदा ती रडतच घरी परत आली आणि त्या दिवसाची तिची रजा पडली.

अनिकेतनं महिनाभर खपून ॲप बनवलं. नाव ठेवलं 'आली का'. मागच्या थांब्यावर जो बसमध्ये चढेल त्यानं मोबाईलवर नुसतं बोट टेकवायचं, की पुढच्या थांब्यावाल्यांचे फोन थरथरतात. फोन थरथरला की स्नेहल चप्पल घालते, खाली उतरते, बस हजर! बोलणं नाही, चालणं नाही. तिचं बघून तिच्या मैत्रिणींनी घेतलं, मग त्यांच्या बहिणींनी, मग चाकण, तळेगाव, सगळीकडे पसरलं.

आणि नोटिशीत काय होतं? 'थांब्यावर वाट पाहणाऱ्यास, मागील थांब्यावरून, न बोलता, इशारा पोचवण्याची पद्धत' ही म्हणे त्या दिल्लीच्या कंपनीची. त्यांनी तिचं पेटंट काढलंय. पेटंट म्हणजे 'ही युक्ती आमची, दुसऱ्यानं वापरायची नाही' असा सरकारी कागद. पंधरा दिवसांत ॲप बंद करा, पुन्हा असलं काही करणार नाही असं सही करून लिहून द्या, नाहीतर कोर्टात या. सही करायचा कागदही तयार करून सोबत जोडलेला. सोय बघा किती!

नुकसानभरपाईचा आकडाही होता. तो मी सांगत नाही. स्नेहलच्या सासूबाईंना अजून माहीत नाहीये.

*

इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी नोटिशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कुणाच्या ओळखीत चांगला वकील आहे का?'

तासाभरात बावीस उत्तरं आली. अकरा जणांनी नुसते हात जोडले. एकीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, मग पुसलं. एकानं विचारलं, "पाणी आज किती वाजता येणार?" आणि मग पुढची सगळी चर्चा पाण्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अनिकेतच्या दारावर एक कागद चिकटवलेला. सोसायटीच्या सेक्रेटरीचा. 'आपण राहत्या सदनिकेत व्यवसाय करत असल्याचे ग्रुपवरील छायाचित्रावरून निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

एका आठवड्यात दोन नोटिसा! आणि दुसरीची मुदत पहिलीच्या आधी संपत होती.

अनिकेत माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुमी आता मदत करू नका."

*

सेक्रेटरीची नोटीस आप्पांनी फाडली. आप्पा म्हणजे आमचे चेअरमन. बिल्डिंग उभी आहे ते शेत त्यांचंच. आमचं पुनावळं नुसतं गाव होतं तेव्हापासूनचं घराणं, आणि कोर्टाचा अनुभव तीन पिढ्यांचा. कोर्टातली केस त्यांच्या घरी माणसासारखी सांभाळतात.

आप्पा येऊन अनिकेतच्या सोफ्यावर बसले. चहा झाला. मग हळूच विचारलं, "मंग, ह्ये ॲप किती गुंठं हाय?"

"आप्पा, ते जमिनीवर नसतं."

"बरं. सातबारा कुनाच्या नावावर?"

"सातबारा नसतो त्याला."

"चतु:सीमा तरी? पूर्वेला कोन, पश्चिमेला कोन?"

"काहीच नसतं, आप्पा."

आप्पांनी एकेक बोट मिटत हिशोब केला. "जमीन न्हाई, उतारा न्हाई, बांध न्हाई. मंग दिल्लीचा मानूस भांडतोय कशावर?"

खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिला मुद्द्याचा प्रश्न हाच होता. उठता उठता आप्पांनी खांद्यावर हात ठेवला आणि घराण्याचा मंत्र दिला, "सही करायची न्हाई. तारीख मागायची. आमच्या आज्ज्यानं येक तारीख मागितली हुती, अजून चालू हाय!"

*

मग वकील शोधणं आलं. पिंपरी कोर्टाजवळ एक वकील आहेत, असं कुणीतरी सांगितलं. अनिकेत आणि स्नेहल निघाले. मला त्याच बाजूला चक्की बघायची होती, म्हणून मीही गेले.

वकीलसाहेबांच्या टेबलावर फायलींचा एवढा ढीग, की त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. अनिकेत बोलायला लागला, "सर, आमचं असं झालंय की..."

"बसा, बसा. दोघं एकत्र आलात म्हणजे संमतीनंच. छान! समंजस आहात. मूलबाळ?"

"नाही अजून, पण सर..."

"त्याहून छान. सोपं जाईल." मग फायलींच्या वरून त्यांनी मान उंचावली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून स्नेहलला विचारलं, "आणि या सासूबाई? यांच्यामुळेच ना?"

मी चक्की न बघताच घरी आले.

*

हा किस्सा तसा हसण्यासारखा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नववा दिवस. सकाळी बघते तर अनिकेत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवायची जुनी सवय, म्हणून हात सारखा गळ्याशी जात होता.

"कुठे रे?"

"माणला. जुन्या सरांना भेटून येतो. घेतो म्हणालेत परत."

"आणि ते ॲप?"

"सही करून टाकतो, काकू. माझा बाप ऊसतोडीच्या गाडीवर होता. आमच्या घरात कुणी कोर्टाची पायरी चढलं न्हाई. ते लोक मोठे हायत. मी एकटा काय करणार?"

स्नेहल सेकंड शिफ्टला होती, म्हणून घरी होती. मागून आली. रागावली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "कर सही. पण मग माझी फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे माझ्याबरोबर खाली उभा राहायला ये. आणि चाकणच्या बाकीच्या पोरींबरोबर कोण उभं राहणार, तेपण त्या कागदावर लिही."

तो जिन्यातच बसला. इस्त्रीच्या शर्टाची वाट लागली. मी आपली दाराआड गेले, कारण कधी दाराआड जायचं एवढं मलासुद्धा कळतं.

*

तांबोळी मॅडमचा पत्ता आमच्या ह्यांनी आणला. देहूरोडला मॅडमच्या वडिलांचं गॅरेज, आणि गॅरेजच्या वरच्या मजल्यावर मॅडमचं ऑफिस. खाली ठोकाठोकी, वर कायदा. मॅडम बोलताना मधेच थांबतात, खालचा हातोडा थांबला की वाक्य पुरं करतात. त्यांच्याकडे गोरखमामा म्हणून जुने क्लार्क. टायपिंग, चहा, कोर्टात फायली पोचवणं, सगळं तेच.

मॅडमनी नोटीस वाचली आणि चक्क हसल्या. "अनिकेत, हे लोक अशा नोटिसा एकट्यादुकट्यालाच पाठवतात. मोठ्या कंपनीला पाठवत नाहीत, कारण मोठी कंपनी उत्तर देते. तुम्ही घाबरून सही कराल, यावरच त्यांचा धंदा."

"मग मी काय करू?"

"आधी घाबरणं कमी करा. आपल्या कायद्यात उगाच धमकी देणाऱ्यावर आपणच उलट कोर्टात जाऊ शकतो. आणि त्यांनी अर्ज करायच्या आधीपासून हीच युक्ती लोक उघडपणे वापरत असतील, तर त्यांचं पेटंटच उडू शकतं." हातोडा. "फक्त ते दाखवावं लागेल."

"म्हणजे कायदा माझ्या बाजूनंबी हाय?"

"कायदा असतो जागेवरच. जाऊन उठवावं लागतं."

पण दाखवणार काय? मागच्या थांब्यावरून पुढच्याला, न बोलता, इशारा. असं कोण करत होतं? अनिकेत नखं खातोय, मॅडम पेन चावतायत.

आणि कोपऱ्यातून आमचे हे बोलले. ह्यांनी चाकणला अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि त्या अठ्ठावीस वर्षांत घरी मिळून अठ्ठावीस वाक्यं बोलले असतील. ते म्हणाले, "हा तर मिस कॉल."

"कसला मिस कॉल?"

"आमची कंपनी बस. मी आकुर्डीला चढायचो. चढलो की निगडीला एक रिंग. निगडीवाला चढला की देहूरोडला. तिथून सोमाटण्याला. उचलायचा नाही, पैसे पडायचे. एक रिंग म्हणजे गाडी सुटली. दोन म्हणजे उशीर. तीन म्हणजे गाडीच नाही, मिळेल त्या टेम्पोनं या. आख्ख्या पट्ट्यात असंच चालायचं. कुणी चुकून उचलला, तर त्यानं सगळ्या बसला वडापाव द्यायचा."

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. अनिकेत उभाच राहिला. सगळ्यांना वाटलं, आता मी आनंदानं काहीतरी बोलणार.

मी बोलले. म्हटलं, "मला तुम्ही अठ्ठावीस वर्षांत एकदा 'निघालो' म्हणून फोन केला नाही! आणि तिकडे रोज सकाळी मिस कॉल? कोण होतं निगडीला?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "स्टोअर्सच्या कुलकर्णी मॅडम."

खालचा हातोडासुद्धा थांबला.

*

मॅडम म्हणाल्या, त्या बसमधल्या लोकांची प्रतिज्ञापत्रं करू. शपथेवर लिहून द्यायचं, की आम्ही असं असं करत होतो. रविवारी आमच्याच हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. ह्यांना धरून सात जण जमले, सगळे रिटायर. मी पोहे केले. त्यांत कुलकर्णी मॅडमही. चांगल्या आहेत हो. चष्मा, गुडघेदुखी, माझ्यासारख्याच.

गोरखमामांनी लिहायला घेतलं. देहूरोडचे शेलारमामा म्हणाले, "लिहा. मिस कॉलचा शोध मी लावला."

आमचे हे म्हणाले, "तू? तुझ्याकडे मोबाईल आला कधी? मी लावला."

कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघं उचलायचात! 'उचलू नका' हे मी सांगितलं. खरा शोध तोच आहे."

झालं! पोहे गार, आवाज गरम. सातही जण शोध लावून मोकळे. शेलारमामा तर इतके पेटले, की अनिकेतकडे वळून म्हणाले, "आणि तू रे? ॲप काढण्याआधी मला विचारायला नको? मीच नोटीस देतो तुला!"

अनिकेतनं कपाळाला हात लावला. आणखी एक नोटीस!

तांबोळी मॅडम मात्र शांतपणे पोहे खात होत्या. "भांडू द्या. सगळे म्हणतायत मीच पहिला, म्हणजे सगळेच करत होते. सातच्या सात लिहून घ्या, गोरखमामा. भांडणासकट."

*

पण नुसत्या म्हाताऱ्यांच्या शपथेवर भागेल का, ही मॅडमना धाकधूक होतीच. तारखेचा कागद हवा होता. तेव्हा कुलकर्णी मॅडमनी पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. त्यांच्या घरी सगळंच लॅमिनेट केलेलं असतं, हे मला नंतर कळलं. दूधवाल्याचा नंबरसुद्धा.

कागद होता कायझेनचा. आमच्या पट्ट्यात ज्याच्या घरात कुणी कंपनीत आहे, त्याला कायझेन सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते: कामगारानं सुधारणा सुचवायची, एका कागदावर डावीकडे 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा, आणि कंपनी बक्षीस देते.

डावीकडे सात जण रस्त्यावर तोंड पाडून उभे. उजवीकडे तेच सात जण, त्याच कपड्यात, त्याच जागी, हसत उभे. दोन्ही फोटो एकाच दिवशी काढलेले, 'नंतर'ला फक्त हसायला सांगितलेलं! खाली लिहिलेलं: 'पद्धत: मागील थांब्यावरून मिस कॉल. खर्च: शून्य. फायदा: उन्हापावसात ताटकळणे बंद.' मॅनेजरची सही, कंपनीचा शिक्का आणि तारीख. दिल्लीवाल्यांनी अर्ज केला, त्याच्या कितीतरी वर्षं आधीची तारीख!

तांबोळी मॅडमनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. "याला बक्षीस काय मिळालं होतं?"

"दुसरं," कुलकर्णी मॅडम म्हणाल्या. अजून सल होता आवाजात. "पहिलं हातमोजे वाळत घालायच्या दोरीला मिळालं."

आमचे हे तो कागद निरखून बघत होते. "खाली नाव एकटीचंच घातलंत," एवढंच म्हणाले. ह्यांचा हसतानाचा फोटो मी पहिल्यांदा बघितला. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाहीये तसा.

*

मॅडमनी उत्तर पाठवलं. कायझेनची प्रत, सात प्रतिज्ञापत्रं, आणि खाली एक ओळ: नोटीस मागे घ्या, नाहीतर पोकळ धमकीबद्दल आम्ही कोर्टात येतो. चार दिवसांनी दिल्लीचा फोन आला. प्रत्यक्ष बोलू. आम्हीच येतो.

मला वाटलं, जिंकलो! मॅडम म्हणाल्या, "छे! माघार घ्यायची असती तर पत्रानं घेतली असती. समोर बसवून घाबरवायला येतायत. काही झालं तरी सही करायची नाही."

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे गॅरेजच्या वर जमलो. अनिकेत, स्नेहल, आमचे हे, मी. आप्पाही आले, मोठ्या माणसांशी कसं बोलायचं ते बघायला. मॅडमनी वडिलांना सांगून खालची ठोकाठोकी बंद ठेवली होती. गोरखमामा आतल्या खोलीत चहाच्या पातेल्यापाशी. अनिकेतचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा चालला होता.

विमानतळावरून भाड्याची गाडी करून ते दोघं आले. कंपनीचे मोठे साहेब आणि त्यांचे वकील. सूट, बूट, अत्तराचा वास. ते जिना चढून आत पाऊल टाकतायत तोच गोरखमामांनी ट्रे आणला. वाफाळता चहा, मोजून सगळ्यांना पुरेल एवढा. साहेब खूश होऊन बसले.

वकिलांनी मात्र बसायच्या आधीच बॅग उघडली. तोच सहीचा कागद काढला, अनिकेतच्या पुढ्यात ठेवला, वर पेन ठेवलं. मराठी चांगलं येत होतं त्यांना. म्हणाले, "तुमचा तो लॅमिनेशनचा कागद बघितला. गमतीदार आहे. एका कंपनीत, एका बसमध्ये, काही लोकांनी खेळ केला असेल. पण पद्धत म्हणतात ती वेगळी. आमच्या आधी या भागात येणारी गाडी कुठवर आलीये, हे न बोलता कळवण्याची कसलीही रीत नव्हती. आजही, तुमचं ॲप सोडलं तर, नाही. लोक नुसते वाट बघत बसतात. एक जिवंत उदाहरण दाखवा, मी इथल्या इथे नोटीस मागे घेतो."

अनिकेतनं कागदाकडे बघितलं. मग पेनाकडे. स्नेहलनं त्याचा हात घट्ट धरला. तांबोळी मॅडम पुन्हा फाईल चाळायला लागल्या.

तेवढ्यात मोठ्या साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. गोरखमामांकडे वळून म्हणाले, "वाह! हम गाडी से उतरे, और चाय एकदम गरम! आपको पता कैसे चला कि हम अभी पहुँच रहे हैं?"

गोरखमामा रिकामा ट्रे छातीशी धरून उभे होते. साधा माणूस, विचारलं तर सांगणारच.

"साहेब, तुमचा ड्रायव्हर आपल्या ओळखीचा, चाकणचाच आहे. त्यानं मागच्या किवळ्याच्या पुलाखालून एक रिंग दिली ना. दोन दिल्या असत्या, तर गॅस बारीक केला असता."